सोमवारी कचेरी, रविवारी घाट : स्पोर्ट्‌स मोटारीची स्प्रिंग कशी निवडावी?

प्रथम एक छोटेसे गणित करू. एका मोटारीचे वजन १००० किलोग्रॅम आहे. म्हणजे प्रत्येक चाकावर सुमारे २५० किलोग्रॅम भार आला. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम आहे असे समजा. तर मग टायरचा रस्त्याला टेकलेला भाग केवढा असेल? २५० भागिले २, म्हणजे १२५ चौरस सेंटिमीटर. तुमच्या वडिलांनी हाताचा पंजा टेबलावर टेकवला, तर साधारण एवढीच जागा व्यापते!

मोटार थांबते ती ह्या चार पंजांएवढ्या रबराच्या आधारावर, वळते ती ह्यांच्याच आधारावर, आणि ओल्या रस्त्यावर घसरत नाही तीही ह्यांच्याच कृपेने. ह्यांपैकी एखादा पंजा क्षणभर जरी रस्त्यापासून उचलला गेला, तरी त्या क्षणी ते चाक ना ब्रेकच्या कामाचे, ना वळणाच्या. चाके आणि मोटारीचा सांगाडा यांच्यामध्ये बसवलेल्या स्प्रिंगा, धक्काशोषक, दांडे आणि रबरी बुश ह्या सर्वांना मिळून आपण 'सस्पेन्शन' म्हणतो. प्रवाशांना गचके बसू नयेत म्हणून ते असते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याचे पहिले काम वेगळेच आहे. हे चार पंजे सतत रस्त्यावर टेकलेले ठेवणे, हे ते काम!

आता एक मोटार डोळ्यांसमोर आणा. जपानच्या माझ्दा कंपनीने फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार-प्रदर्शनात एक छोटी, दोन आसनांची, उघड्या टपाची मोटार मांडली. तिचे नाव एमएक्स-५. वजन अवघे ९५० किलोग्रॅमच्या आसपास, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, आणि पुढच्या-मागच्या चाकांवर भार जवळजवळ सारखा. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत तशी मोटार आणि चालक यांची जोडी जमावी, असा तिच्या अभियंत्यांचा ध्यास होता. जपानी भाषेत ह्याला 'जिनबा इत्ताई' म्हणतात. ही मोटार लोकांना इतकी आवडली की, एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ कारखान्यातून बाहेर पडली. आपल्याकडे ती क्वचितच दिसेल. पण जपान, अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी येथे हजारो लोक सोमवार ते शुक्रवार तिच्यातून कचेरीला जातात आणि रविवारी डोंगरातल्या वळणावळणांच्या रस्त्यावर तिला फिरवून आणतात.

ह्या मालकांना हमखास पडणारा एक प्रश्न असा : कारखान्यातून आलेल्या स्प्रिंगा व धक्काशोषक काढून बाजारात मिळणारे दुसरे, अधिक 'ताठ' बसवावेत का? जर्मनीची बिलस्टाइन, नेदरलंड्‌सची कोनी, स्वीडनची ओहलिन्स, जपानची टाइन अशा अनेक कंपन्या हा माल विकतात. दुकानात माहितीपत्रकांचा ढीग असतो. प्रत्येक पत्रकावर मोटार जमिनीला टेकल्यासारखी खाली बसलेली आणि वळणावर झेपावणारी! पैसा मोठा खर्च व्हायचा असतो, आणि निवड चुकली तर ते चार पंजे रस्त्यावर टिकत नाहीत. म्हणजे प्रश्न केवळ हौसेचा नाही, जिवाचाही आहे.

समजा, असा एखादा मालक तुमच्याकडे सल्ला मागायला आला. घाबरू नका! तुमच्या शाळेच्या पुस्तकातील पदार्थविज्ञान ह्या कामाला पुरेल.

स्प्रिंगेचा स्वभाव

रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये एक नियम प्रसिद्ध केला. स्प्रिंग जेवढी ताणावी किंवा दाबावी, त्या प्रमाणात ती विरोध करते. १ मिलिमीटर दाबायला ४ किलोग्रॅम भार लागत असेल, तर २ मिलिमीटरला ८ लागेल. दर मिलिमीटरला लागणाऱ्या ह्या भाराला स्प्रिंगेचा 'ताठपणा' म्हणू. जपानी दुकानांत स्प्रिंगेवर हाच आकडा छापलेला असतो : ४ किलो, ७ किलो, १० किलो, असा.

स्प्रिंगेला वजन टांगून खाली ओढून सोडले, तर ते वरखाली झोके घेते. सेकंदाला किती झोके, ही त्याची वारंवारता. वजन जास्त तर झोके सावकाश, स्प्रिंग ताठ तर झोके जलद. आता गंमत पाहा. वारंवारता काढायला वजन आणि ताठपणा ही दोन्ही मोजायची गरजच नाही. वजन टांगल्यावर स्प्रिंग किती सेंटिमीटर ताणली गेली एवढे कळले की पुरे. त्या अंतराचे वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा. झाली वारंवारता!

स्प्रिंग २५ सेंटिमीटर ताणली गेली, तर वर्गमूळ ५, आणि झोके सेकंदाला १. ती ६.२५ सेंटिमीटर ताणली गेली, तर वर्गमूळ २.५, आणि झोके सेकंदाला २. घरी रबराच्या पट्टीवर किंवा जुन्या स्प्रिंगेवर हे करून पाहा. (५ हा आकडा गुरुत्वत्वरणातून येतो. तो कसा, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी काढून पाहावे.)

मोटारही स्प्रिंगांवर ठेवलेले एक वजनच आहे. साध्या घरगुती मोटारीचे शरीर सेकंदाला १ ते १.५ झोके घेते. स्पोर्ट्‌स मोटारीचे १.५ ते २. हवेच्या दाबाने रस्त्याला चिकटून पळणाऱ्या, पंख लावलेल्या शर्यतीच्या मोटारींचे ३ च्या पुष्कळ पुढे जाते. आपण चालतो तेव्हा आपले शरीर सेकंदाला सुमारे २ वेळा वरखाली होते, म्हणून १ ते २ झोके आपल्याला परके वाटत नाहीत. परंतु सेकंदाला ४ ते ८ कंपने मात्र माणसाच्या धडाला सर्वांत जास्त त्रास देतात. स्प्रिंग फार ताठ केली की आपण ह्या त्रासदायक पट्ट्याकडे सरकू लागतो. शर्यत तासाभरात संपते, कचेरीचा रस्ता रोजचा असतो!

छापलेला आकडा आणि खरा आकडा

दुकानदार म्हणतो, "ही ७ किलोची स्प्रिंग घ्या." पण ७ किलो हा ताठपणा चाकापाशी जाणवतो का? नाही. एमएक्स-५ मध्ये प्रत्येक चाक दोन आडव्या बाहूंनी सांगाड्याला जोडलेले असते आणि स्प्रिंग अगदी चाकावर नसून त्या बाहूवर, थोडी आतल्या बाजूला टेकलेली असते. हा झाला तरफेचा प्रकार.

समजा, चाक १० मिलिमीटर वर गेले तर स्प्रिंग फक्त ७ मिलिमीटर दबते. आधीच स्प्रिंग कमी दबली, म्हणून तिचा जोर ०.७ पट झाला. शिवाय तो जोर तरफेतून चाकापर्यंत पोचताना पुन्हा ०.७ पट होतो. एकूण ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ०.४९ पट. छापलेल्या आकड्याच्या जवळजवळ निम्मा!

आता सोयीचे आकडे घेऊन हिशेब करू. चालकासह मोटार १०२० किलोग्रॅम. चार चाके, ब्रेक वगैरे स्प्रिंगेच्या खालचा भाग १२० किलोग्रॅम वजा केला, तर स्प्रिंगांवर ९०० उरले, प्रत्येकीवर २२५. मूळ स्प्रिंग ३.६ किलोची असेल, तर चाकापाशी ताठपणा १.७६ किलो. २२५ किलोग्रॅमखाली ती सुमारे १२.८ सेंटिमीटर दबेल आणि वारंवारता येईल १.४. आता दुप्पट ताठ, म्हणजे ७.२ किलोची स्प्रिंग बसवा. दबणे निम्मे, सुमारे ६.४ सेंटिमीटर, आणि वारंवारता जवळजवळ २. पाहिलेत ना? ताठपणा दुप्पट केला, पण वारंवारता १.४ पटच वाढली, कारण मध्ये वर्गमूळ आहे. आणि हीच ७.२ किलोची स्प्रिंग ह्याहून जड मोटारीत किंवा वेगळ्या तरफेच्या मोटारीत बसवली, तर उत्तर साफ बदलेल. म्हणून "मित्राच्या मोटारीत १० किलोची आहे, मलाही तीच द्या," असे म्हणणे हे दुसऱ्याचा चष्मा आपल्या डोळ्यांवर लावण्यासारखे आहे.

आणखी एक बारकावा आहे. रस्त्यावरचा उंचवटा पुढच्या चाकांना आधी लागतो, मागच्यांना नंतर. ताशी ५० किलोमीटर वेगाने मोटार सेकंदाला सुमारे १३.९ मीटर जाते. पुढच्या-मागच्या चाकांत २.२६ मीटर अंतर असेल, तर हा उशीर जेमतेम ०.१६ सेकंदाचा झाला. पुढचा भाग झोका घेऊ लागल्यावर मागचा सुरू होतो, आणि मोटार झुल्यातल्या घोड्यासारखी नाक वर, नाक खाली करते. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेले अभियंते मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात प्रयोग करून असे दाखवले की, मागची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी अधिक ठेवली तर मागचा भाग पुढच्याला लवकर गाठतो आणि दोन्ही एकत्र वरखाली होतात. रोजच्या वापराच्या मोटारीला हा नियम आजही उपयोगी पडतो. म्हणून स्प्रिंगा घेताना चारही एका जोडसंचातल्या घ्याव्यात. आज पुढच्या, पुढल्या वर्षी मागच्या, असे करू नये.

झोका थांबवणारा कोण?

नुसती स्प्रिंग झोके घेतच राहील. तो झोका जिरवण्याचे काम करतो धक्काशोषक. गॅरेजात त्याला नुसते 'शॉक' म्हणतात. नाव धक्काशोषक असले तरी धक्का झेलते ती स्प्रिंग. हा झेललेल्या शक्तीची उष्णता करून टाकतो.

तो कसा चालतो ते समजण्यासाठी एक प्रयोग करा. सुई नसलेली प्लॅस्टिकची नवी पिचकारी घ्या आणि तिच्यात पाणी भरा. दट्ट्या हळूहळू ढकला. सहज जातो. आता एकदम जोरात ढकला. विरोध केवढा वाढतो! आता पाण्याऐवजी खाण्याचे तेल भरून पाहा. विरोध आणखी वाढेल. स्प्रिंगेचा विरोध अंतरावर अवलंबून असतो, ह्याचा वेगावर. धक्काशोषकात हेच घडते. तेलाने भरलेल्या नळीत दट्ट्या, आणि दट्ट्यात बारीक छिद्रे व पोलादी चकत्यांच्या झडपा. सतत खालीवर होऊन तेलात फेस झाला तर विरोध कमी पडतो. म्हणून काही धक्काशोषकांत दाबाखालील नायट्रोजन वायू भरतात. अशा वायुभरित एकनळी धक्काशोषकामागे १९५० च्या दशकातील फ्रेंच अभियंते क्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बाँ यांचे संशोधन आहे.

झोका किती लवकर जिरतो, ह्यासाठी 'अवमंदन-गुणोत्तर' नावाचा एक आकडा वापरतात. तो १ असेल तर झोका मुळी होतच नाही, मोटार सरळ जागेवर येते. तो ०.३ असेल तर एका पूर्ण झोक्यानंतर मूळ हालचालीचा १४ टक्के भाग उरतो. ०.१ वर आला, म्हणजे धक्काशोषक मेला, तर निम्म्याहून अधिक उरतो आणि मोटार होडीसारखी डुलत राहते.

आता महत्त्वाची गोष्ट ऐका. हा आकडा केवळ धक्काशोषकावर ठरत नाही, स्प्रिंगेवरही ठरतो. मूळ धक्काशोषक तोच ठेवला आणि स्प्रिंग दुप्पट ताठ केली, तर ०.३ चा आकडा ०.२१ वर येतो, आणि एका झोक्यानंतर १४ ऐवजी २६ टक्के हालचाल उरते. मालकाने पैसे घातले मोटार 'आवळून' घेण्यासाठी, आणि झाली ती अधिक उसळणारी! नव्या ताठ स्प्रिंगा जुन्या धक्काशोषकांवर चढवणे हा सर्वांत स्वस्त मार्ग दिसतो, पण तो बहुतेक वेळा फसवा असतो. बैल बदलले तर जूही त्यांच्या मापाचे हवे.

मग अवमंदन खूप वाढवावे का? तेही नाही. मोटारीच्या शरीराबरोबर चाकालाही स्वतःचा झोका असतो. ३० किलोग्रॅमचे चाक एका बाजूला टायर आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंग यांच्यामध्ये सेकंदाला १० ते १५ वेळा थरथरू शकते. धक्काशोषक फार कडक असेल तर खड्ड्यात चाक वेळेवर खाली उतरत नाही, उंचवट्यावर वेळेवर वर चढत नाही, आणि सांगाडाच उचलला जातो. एकामागून एक खाचा आल्या तर दर वेळी चाक थोडे थोडे वरच अडकते आणि मोटार खाली खाली बसत जाते. अशा वेळी आपले चार पंजे रस्त्यावर राहत नाहीत. चांगल्या धक्काशोषकाच्या झडपा म्हणूनच हुशार असतात. दट्ट्या सावकाश सरकत असताना, म्हणजे मोटार वळणावर कलताना, त्या भरपूर विरोध करतात. खड्ड्यामुळे दट्ट्या एकदम झपाट्याने सरकला की उघडून तेलाला वाट देतात. किंमत मोजायची ती ह्या झडपांसाठी, बाहेरच्या रंगासाठी नव्हे.

वळणावरचे एक कोडे

"स्प्रिंगा ताठ केल्या की वळणावर बाहेरच्या चाकांवर भार कमी जातो." हे वाक्य तुम्हाला पुष्कळांकडून ऐकायला मिळेल. खरे आहे का ते पाहू.

मोटार डावीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकांवरून उजव्यांकडे सरकतो. किती? वजन, वळणाचा जोर आणि गुरुत्वमध्याची उंची यांचा गुणाकार करा आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराने भागा. वजन १०२० किलोग्रॅम, वळणाचा जोर वजनाच्या ०.८ पट, गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.४५ मीटर, चाकांतील अंतर १.४ मीटर असे धरा. उत्तर येते सुमारे २६२ किलोग्रॅम. आता हे सूत्र पुन्हा वाचा. ह्यात स्प्रिंगेचा ताठपणा कोठे आहे? कोठेच नाही! मोटार कमी कलली म्हणून सरकणारा भार कमी होत नाही. कलल्यामुळे गुरुत्वमध्य किंचित बाजूला जातो तेवढाच काय तो फरक, आणि तो अगदी थोडा.

तर मग ताठपणाने होते काय? तीन गोष्टी. एक, मोटार कमी कलते, त्यामुळे टायर रस्त्यावर तिरका न होता सपाट राहतो. दोन, मोटार चक्राच्या इशाऱ्याला लवकर प्रतिसाद देते. तीन, सरकणाऱ्या भारातला किती पुढच्या जोडीने घ्यायचा आणि किती मागच्या, हे वाटप बदलते. ही तिसरी गोष्ट नाजूक आहे. टायरवर भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. म्हणून जी जोडी भाराची अदलाबदल जास्त घेते, तिची पकड आधी सुटते. पुढचा भाग जास्त ताठ असेल तर मोटार सरळ जाऊ पाहते. मागचा जास्त ताठ असेल तर शेपूट बाहेर येऊ पाहते, आणि पावसाळी सकाळी कचेरीच्या घाईत असलेल्या माणसाला हे दुसरे फार महागात पडते. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पिळाचा दांडा, ज्याला अँटी-रोल बार म्हणतात, तो बदलतानाही हेच ध्यानात ठेवायचे.

खाली बसवलेली मोटार

मोटार खाली बसवली की गुरुत्वमध्य खाली येतो आणि वरच्या सूत्राप्रमाणे सरकणारा भार कमी होतो, हे अगदी खरे. ४ सेंटिमीटर खाली केली, तर ०.४५ चे ०.४१ होऊन भार सुमारे २६२ वरून २३९ वर येतो. पण ह्याची किंमत काय?

समजा, चाकाला वर सरकायला मूळची ७ सेंटिमीटर जागा होती. आता उरली ३. एखाद्या खळग्यात मूळ स्प्रिंग ६ सेंटिमीटर दबत असे. दुप्पट ताठ स्प्रिंग १.४ पट कमी, म्हणजे सुमारे ४.३ सेंटिमीटर दबेल. जागा आहे फक्त ३! उरलेल्या अंतरात दट्ट्याच्या वरचा रबरासारखा ठोकळा चेपला जाईल. हा ठोकळा जणू एक अतिशय ताठ स्प्रिंगच असतो. धाडकन गचका बसतो, आणि वळणावर हे घडले तर त्या चाकाची पकड अचानक बदलते. मालक तक्रार करतो की स्प्रिंग फार कडक निघाली. बिचारी स्प्रिंग! खरे तर जागाच संपलेली असते. जुन्या एमएक्स-५ मध्ये ही जागा मुळातच थोडी असते, म्हणून तिला फार खाली बसवणे अधिकच बाधते.

दुसरी किंमत रस्त्याची. मोटारीच्या पोटाखाली १३ सेंटिमीटर जागा होती असे धरले, तर आता ९ उरली. जपानमध्ये मोटारींच्या सक्तीच्या तपासणीत पोटाखाली निदान ९ सेंटिमीटर जागा असावी लागते. म्हणजे आपण बरोबर काठावर आलो. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये रस्त्यांवरील गतिरोधकाचा एक आकार ठरवण्यात आला. ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंटिमीटर उंच, आणि वर सौम्य गोलाई. आपल्या देशातील प्रमाणित गोल गतिरोधकाची मापेही हीच आहेत. उंची १० आणि जागा ९, म्हणजे मोटार घासणार का? नाही! २.२६ मीटर अंतरावरची दोन्ही चाके एकाच वेळी त्या गोलाईवर चढलेली असतात, आणि त्यांच्यामध्ये गोलाईचा फुगवटा पावणेचार सेंटिमीटरच भरतो. पण तोच १० सेंटिमीटरचा उंचवटा कोणी हातभर रुंदीत बांधला, तर मोटारीचे पोट त्यावर घासल्यावाचून राहणार नाही. उंचीइतकाच आकारही महत्त्वाचा असतो, तो असा.

मग सल्ला काय द्याल?

आता तुमच्या त्या मालकाला काय सांगाल? मी क्रम असा लावीन.

पहिले, टायर आणि त्यातील हवा. रस्त्याला टेकतो तो टायर. जुना, कडक झालेला टायर तसाच ठेवून स्प्रिंगेवर पैसे घालू नयेत.

दुसरे, रबरी बुश आणि धक्काशोषक तपासणे. १९९० च्या सुमाराची मोटार आज तिशी ओलांडून गेली आहे. तिचे रबर चिरलेले आणि धक्काशोषक थकलेले असणारच. अशा मोटारीत नवा संच बसवून "केवढा फरक पडला!" म्हणणे ही शास्त्रीय तुलना नव्हे. नव्याची तुलना नव्या मूळ भागांशी करायला हवी, थकलेल्यांशी नव्हे. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम प्रयोगशाळेत जसा, तसाच गॅरेजात. कित्येकदा मूळ मापाचे नवे बुश व चांगले धक्काशोषक एवढ्यानेच मालकाचे समाधान होते.

तिसरे, ताठपणा हवाच असेल तर स्प्रिंग आणि धक्काशोषक एकमेकांसाठी बनवलेल्या जोडसंचात घ्यावेत. रोजच्या वापरासाठी वारंवारता २ च्या आत ठेवावी आणि मोटार फार तर दोन-अडीच सेंटिमीटर खाली आणावी.

चौथे, उंची कमी-जास्त करता येणारा आटेदार संच घ्यायचा असेल तर एक प्रश्न जरूर विचारावा : उंची बदलताना स्प्रिंगेची खालची बैठक सरकते की नळीची एकूण लांबी बदलते? नुसती बैठक खाली सरकवली तर मोटार खाली येते आणि दट्ट्याची वरची जागा तेवढी खाल्ली जाते. लांबी बदलणाऱ्या प्रकारात दट्ट्याची जागा शाबूत राहते. मात्र चाक मोटारीच्या कमानीला घासत नाही ना, हे पाहावे लागते.

पाचवे, काम झाल्यावर चाकांचे कोन मोजून घ्यावेत, कारण मोटार खाली आली की चाकांचा तिरकेपणा बदलतो. आणि एक गोष्ट चांगला मेकॅनिक न सांगता करतो. बुशांचे बोल्ट तो मोटार हवेत उचललेली असताना पुरते आवळत नाही, चाके जमिनीवर टेकून मोटार आपल्या उंचीवर बसल्यावर आवळतो. का बरे? बुशातले रबर दोन्ही बाजूंनी धातूला चिकटवलेले असते. हवेत आवळले तर मोटार खाली येताच ते पिळले जाते आणि कायम पिळलेलेच राहून लवकर फाटते.

आणि सहावे, कायदा. जर्मनीत अशा भागांना अधिकृत तपासणीची मान्यता लागते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मापांत मालकाला वाटेल तसा बदल करता येत नाही. काहीही उघडण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे शहाणपणाचे.

लोटस कंपनीच्या १९६२ च्या एलान ह्या स्पोर्ट्‌स मोटारीच्या स्प्रिंगा मऊ होत्या. तरीही वळणावरच्या तिच्या चपळाईचे आजही कौतुक होते, आणि एमएक्स-५ घडवणाऱ्यांपुढेही तिचा आदर्श होता. वजन कमी, अवमंदन नेमके, आणि चाकांना हलायला भरपूर जागा, ही तिची युक्ती. ताठ म्हणजे चपळ, असे समीकरण मांडण्यापूर्वी ही मऊ मोटार आठवावी.

तुम्ही करून पाहा

१. घरच्या किंवा ओळखीच्या मोटारीजवळ, ती बंद आणि सपाट जागी उभी असताना, मोठ्या माणसाच्या परवानगीने एक कोपरा खाली दाबा आणि सोडा. ती एकदा वर येऊन जागेवर स्थिरावते, की दोन-तीन झोके घेते? ह्यावरून धक्काशोषकाबद्दल काय अनुमान काढाल? हाताने फक्त पुरता थकलेला धक्काशोषकच ओळखता येतो, हेही लक्षात ठेवा.

२. रिकामा मालट्रक खड्ड्यांतून जाताना उडतो आणि भरलेला शांतपणे जातो. 'दबण्याच्या वर्गमूळाने ५ ला भागा' हा नियम वापरून ह्याचे कारण सांगा.

३. एका मालकाने ७.२ किलोची स्प्रिंग काढून १४.४ किलोची बसवली. वरच्याच मोटारीत वारंवारता किती होईल? रोज कचेरीला जाणाऱ्या त्या मालकाला तुम्ही काय सांगाल? उत्तर कारणांसह वहीत लिहा आणि आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा.